काशीच्या अंगणातली शेगडी

मित्रांनो, पोटाला तार बांधलेली मी एक जुनी शेगडी आहे. कोळशावर चालणारी, चिनी मातीची, अंड्यासारखी गोल. घाटाखालच्या वैशाखरे गावी साईनाथशेठच्या फार्महाऊसवर मी आले, तेव्हा शेजारच्या वाडीतली पोरं हसली होती. "येवढं अंडं, तं कोंबडी केवढी असंल रे?"

पण माझं झाकण लागलं की मूठभर कोळशावर अख्खी कोंबडी मऊ शिजे. पाहुणे बोटं चाटत आणि मग झोपाळ्यावर पेंगत. मीही माझ्याच उबेत, घाटावरचे ढग बघत स्वप्नात शिरे. उरलेले निखारे झाकण-झडपा बंद केल्या की आपोआप विझत. तापलेली असताना पाणी नको, माझं पथ्य एवढंच, पण ते काशीला कोणी सांगितलंच नाही.

काशी तिथे राखणीला होती. तिच्या वाडीत गवताची घरं. एका ठिणगीने होत्याचं नव्हतं व्हायचं. म्हणून चुलीवर पाणी मारल्याशिवाय तिथली बाई घराबाहेर पडत नाही. एका वाऱ्याच्या सांजेला जवळच पेंढ्याची उडवी दिसली, आणि काशीने काळजीपोटी माझ्या लाल पोटात कळशी ओतली. मी वरपासून खालपर्यंत तडकले. फार दुखलं.

साईनाथशेठ भडकले. "झाकण लावलं की विझते ती, पाणी कशाला ओतलंस? फेकून दे ती खड्ड्यात."

"खड्ड्यात नाय टाकत, शेठ. घरी न्हेते मी."

तिच्या पडवीत कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. म्हणजे पोरांचं म्हणणं अगदीच वाया गेलं नाही. मला मात्र एकच ध्यास होता, पुन्हा पेटण्याचा.

म्हसा गावची जत्रा जवळ आली, तेव्हा काशीच्या नवऱ्याने, देवरामने, वारुळाची माती नि भाताचं तूस कालवून माझा तडा भरला. वर तार आवळली.

"फुटली तं?" तो म्हणाला.

"पेटवल्याबिगर कसं कळंल?" काशीने निखारे घातले, वर रानातले करांद्याचे कंद ठेवले. तार कुरकुरली. तडा टिकला, आणि भाजल्या करांद्यांचा वास अंगणभर पसरला.

खाणं झाल्यावर देवरामचा हात सवयीने कळशीकडे गेला. काशीने तो धरला.

"पाणी नको. झाकण लाव. ती निवंस्तवर मी बसते तिच्यापाशी."

आणि ती खरंच बसली, माझ्या उबेला पाय पसरून. मित्रांनो, तापलेल्यावर पाणी ओतू नका. त्याच्यापाशी थोडा वेळ बसा.