पाण्याला हाक

चढावरच्या सार्वजनिक नळाभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. हंडे, बादल्या, कॅन. एकीने तर बाळाच्या आंघोळीचा टबच डोक्यावर आणला होता. पण भांडणं नाहीत, ढकलाढकली नाही. सगळे श्वास रोखून एका माणसाकडे बघत होते. पांढरा सदरा, कोरलेली दाढी, आणि कान नळाच्या लोखंडी पाइपाला चिकटलेला. सगळे त्याला बाबा म्हणत.

"श्शऽ! निघालंय," तो म्हणाला. "टाकीतून निघालंय. लाजतंय जरा. अहो, पाणी म्हणजे लेकरू! दटावून येत नाही, हाक मारावी लागते."

काठीने त्याने पाइपावर तीन टोले हाणले आणि ओरडला, "ये बाळा!"

नळ खाकरला, थोडी हवा फुसफुसली, आणि भस्सकन पाणी आलं. गर्दीतून एकच आरोळी उठली. म्हातारेकोतारे, खोकणारे, लंगडणारे ओंजळी पुढे करून सरसावले. बाबांनी बोलावलेली पहिली धार प्यायली की दुखणं जातं, असं सगळे मानत.

"पहिली धार पोटात!" बाबा गरजले.

"गोळ्याबिळ्या गटारात!" गर्दीने साथ दिली.

गर्दीच्या मागे उभी असलेली एक बाई मात्र ओरडत नव्हती. ती पाणीपुरवठा खात्याच्या कंट्रोल रूममध्ये कामाला होती. आज सुट्टी होती म्हणून वडिलांना, अण्णांना, भेटायला आली होती. अण्णा चढावर तिच्या भावाकडे राहायचे. घराला कुलूप दिसलं म्हणून ती शोधत इथवर आली, तर अण्णा पहिल्या रांगेत, ओंजळ धरून!

दुसऱ्या कोणी ओंजळ धरली असती तर तिला एवढं वाटलं नसतं. पण अण्णांनी त्याच खात्यात तीस वर्षं चाव्या फिरवल्या होत्या. कुठला व्हॉल्व्ह किती आटे घेतो हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. ते आता त्याच पाण्याला भाविकासारखे ओठ लावत होते.

तेवढ्यात कोणीतरी बाबांना बसायला खुर्ची दिली. बाबा म्हणाले, "उपकार झाले हो, फार उपकार झाले."

तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

अकरा वर्षं ती कानांना हेडफोन लावून बसत होती. समोरच्या पडद्यावर टाक्यांची पातळी, पाइपांतला दाब. एका हाताला चावीवाल्यांशी बोलायचा वायरलेस, दुसऱ्या हाताला लोकांचा फोन. शहरातली माणसं तिला चेहऱ्याने ठाऊक नव्हती, आवाजाने होती. आणि हा आवाज ती रोज सकाळी सात वाजता ऐकत होती.

झालं होतं असं, की पंपिंग स्टेशनच्या तीन पंपांपैकी एक बंद पडल्यापासून चढावर पाणी रोज वेगळ्या वेळी सोडावं लागत होतं. टाकी किती भरली ते बघून सकाळी सातला वेळ ठरायची. चौकशीला एकच फोन. नळ कोरडा पडला की सगळे एकदम फोन लावायचे, तो लागायचा नाही, आणि लोक खात्याच्या नावाने बोटं मोडत नाद सोडून द्यायचे. फक्त एक माणूस सातच्या ठोक्याला फोन करायचा. "ताई, चढावरच्या नळाला आज किती वाजता? घरात आजारी माणूस आहे हो." ती वेळ सांगायची. वर चावी उघडल्यापासून पाणी चढायला बावीस मिनिटं लागतात, हेही आपणहून सांगायची. का नाही सांगणार? दिवसभर शिव्या खाणाऱ्या बाईला "उपकार झाले" म्हणणारा तो एकटाच होता!

ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली. "अण्णा, घरी चला. हा माणूस रोज मला फोन करून वेळ विचारतो. मीच त्याला सांगते!"

बाबांची पापणीसुद्धा लवली नाही. त्यांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. रिकामे!

"फोन? घ्या बाबांनो, झडती घ्या. पण या ताईवर रागावू नका. पाणी सोडणारे हात तिच्याच खात्याचे. हात आपलं काम करतात. हाक कुठून आली, ते हाताला कुठे कळतं?"

"वाऽ!" कोणीतरी म्हणालं. एका म्हातारीने तिचा हात धरला आणि डोळ्यांना लावला. तो सोडवून घेताना तिला रडू कोसळायचंच बाकी राहिलं होतं. चमत्कार उघडा पाडायला गेली, तर तिलाच त्यात सामील करून घेतलं.

घरी येताना ती अण्णांना म्हणाली, "रक्तदाबाची गोळी घेता ना?"

"तीन आठवडे झाले सोडून. डोकं कसं हलकं वाटतं."

"अण्णा, तुम्ही तरी!"

"मी तरी काय? तीस वर्षांत पाणी वर किती वाजता पोचेल हे मला एकदाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. याला रोज मिनिटासकट कळतं. कसं कळतं?"

"सांगितलं ना कसं ते!"

"तू त्याचे खिसे बघितलेस ना?" अण्णा म्हणाले आणि विषय संपवला. भाऊ म्हणाला, "त्यांच्या कलाने घे." वहिनीने गोळी आमटीत कुस्करून घालायची युक्ती केली. अण्णांनी पहिल्याच घासाला ओळखली आणि ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. "ताई, चढावरच्या नळाला आज किती वाजता?"

"लाज वाटत नाही?"

"कशाची, ताई? मी चौकशी करतोय."

"माझ्या वडिलांनी गोळ्या सोडल्यात. तुम्ही एक शब्द टाका. तुमचं ऐकतील ते."

पलीकडून तोच मऊ आवाज. "मी कोणाला सोडायला सांगितलं नाही हो. ते गटारबिटार लोकच जोडतात. आता मी उलटं बोललो तर माझं काय राहील? वेळ तेवढी सांगा."

विचारणाऱ्याला खरी वेळ सांगायची, हा खात्याचा नियम होता. वेळ बदलली तर नोंदवहीतल्या प्रत्येकाला उलटा फोन करून कळवायचं, हाही. बाबांची वेळ कधी चुकत नव्हती, ती या नियमामुळे. तिने वेळ सांगितली. "उपकार झाले," तो म्हणाला, आणि तिने फोन आदळला.

ती साहेबांकडे गेली. रोजची वेळ चढावर फळा लावून लिहू या म्हणाली. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "त्या भागातून तीन महिन्यांत एकही तक्रार नाही. चांगलं चाललंय ते कशाला बिघडवता? आपलं काम पाणी सोडायचं. लोक कोणाला मानतात ते आपल्या खात्यात येत नाही."

त्यानंतर नवव्या दिवशी चौकशीचा फोन वाजला. ती सवयीने म्हणाली, "पाणीपुरवठा खातं, बोला."

"मी दादा. तुझा मोबाइल लागत नाही. अण्णा पडले. नळावरच. तोंड वाकडं झालंय."

मोबाइल ड्यूटीवर कपाटात ठेवावा लागे. खुर्ची सोडायची तर दुसरा माणूस यायला हवा होता, आणि त्याला यायला दीड तास होता. त्या दीड तासात तिने दोन टाक्या भरून घेतल्या, एका शाळेची तक्रार लिहून घेतली, एका गृहस्थाची शिवी ऐकली. वायरलेसवर तिचा आवाज एकदाही कापला नाही. शेजारचा ऑपरेटर नंतर म्हणाला, मला तर काही कळलंच नाही.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "गोळ्या पुन्हा सुरू करता येतील. उजवा हात आणि बोलणं परत येईल की नाही, ते आज सांगता येणार नाही."

पाच दिवसांनी ती कामावर परतली. पहिल्याच सकाळी सातचा फोन आला. तिने वेळ सांगितली: साडेअकराला चावी, अकरा बावन्नला नळ. अकरा चाळीसला पडद्यावरचा दाब धाडकन खाली आला. मुख्य लाइन फुटली होती. तिने चावीवाल्यांना वायरलेसवरून धाडलं, पंप थांबवायला लावले, आणि नोंदवही ओढली. पहिलाच नंबर त्याचा. एरवी वेळ बदलली तर ती गर्दी जमण्याआधीच बदलायची. आज तो नळाजवळ असणार, हे तिला ठाऊक होतं. नियमही ठाऊक होता. तिने फोन लावला.

खूप वेळ वाजला. मग एका बाईचा आवाज आला. चढावर अंडी विकणारी होती ती, बहिणीसाठी रांगेत उभी. "कोण बोलतंय? खुर्चीखालच्या थैलीत केव्हाचा कोकलतोय हा फोन!"

मागून बाबांचा आवाज ऐकू येत होता. "निघालंय... लाजतंय जरा..."

"पाणीपुरवठा खातं. चढावरच्या नळाची चौकशी होती. मुख्य लाइन फुटलीय. आज पाणी येणार नाही."

अंडीवालीने विचारलं, "ही चौकशी रोज होते, बाई?"

"रोज. सकाळी सातला, याच फोनवरून. तारखांसकट लिहिलेली आहे. तुम्ही केलीत तर तुम्हालाही हीच वेळ सांगू."

"थांबा. स्पीकरवर टाकते. आता मोठ्यांदा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. "लाजतंय..." मध्येच तुटलं. पाइपावर एक टोला वाजला. दुसरा वाजलाच नाही. कोणाचा तरी हंडा खाली पडला.

"तुमच्यापैकी कोणीतरी शंका घेतलीय," बाबा म्हणाले, "म्हणून पाणी—"

"शंका कसली डोंबलाची!" अंडीवाली कडाडली. "तुमच्याच थैलीतून खातं बोलतंय!"

पुढचं तिला ऐकता आलं नाही. फुटलेल्या लाइनचे फोन सुरू झाले होते. संध्याकाळी भावाने सांगितलं, लोक धावून जाईपर्यंत बाबा पसार झाले होते.

तिने अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. तोंडातून शब्द फुटला नाही. डाव्या हाताने त्यांनी तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. कबूल करत होते, की पुरे म्हणत होते, तिला कळलं नाही.

दोन आठवड्यांनी भावाने नवी बातमी आणली. नदीपलीकडे एक महाराज आलेत. विजेच्या खांबाला कान लावतात, आणि वीज कधी येणार ते मिनिटासकट सांगतात.

तिने वीज खात्याच्या कंट्रोल रूमला फोन लावला. तिच्यासारखाच कोणीतरी थकलेला गडी बोलला. "हो, रोज सकाळी सातला एकाचा फोन येतो ना. फार सभ्य माणूस. का हो?"

तिने त्याला सगळं सांगितलं. अण्णांचंही.

"मग मी काय करू, ताई? विचारणाऱ्याला नाही म्हणता येत नाही."

"नका म्हणू. पण तीच वेळ सगळ्या वस्तीला सांगा. शाळेच्या फळ्यावर लिहा, दुकानांना कळवा, रोज, त्याच्याआधी. जे सगळ्यांना ठाऊक असतं त्याचा चमत्कार होत नाही, दादा. आणि कोणी म्हणालं मला आतून कळतं, तर लोकांना सांगा: कसं कळतं ते विचारा, उत्तर पटेपर्यंत विचारत राहा. तोवर कोणीही आपलं औषध बंद करू नका."

पलीकडे तो काही लिहून घेत असावा. "बघतो," तो म्हणाला. "साहेबांना विचारावं लागेल."

तिच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजत होता. तिने तो उचलला.