घोंगडीखालचं मतदान

आमच्या वरवंडात माझ्या तोंडाला लागायची कुणाची छाती न्हाई. घरात तर न्हाईच न्हाई. त्यामुळंच तर सगळी पंचाईत झाली.

आदल्या साली माझा जयसिंग पंचायतीच्या निवडणुकीला उभा राह्यला आन् पडला. निम्मी भावकी बोलायची थांबली ती थांबलीच. तवा मी वेशीत चार माणसांसमोर बोलले होते, "ह्यापुढं जो राजकारणाचं नाव काढील, त्यानं माझ्या चुलीवरची भाकर खाऊ नये."

आन् सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात एक दिस जयसिंगची पोरगी नकुशी जेवता जेवता बापाला म्हणती, "आप्पा, दिल्लीचं सरकारसुद्धा मतानं पडलं. तुम्ही पडला म्हणून एवढं काय?"

"हे तुला कुणी शिकवलं गं?" मी इचारलं.

तवा उलगडा झाला. दौंडच्या कॉलेजात ह्या आमच्या नकुशी बाईसाहेब अकरावीला राज्यशास्त्र घेऊन बसल्या होत्या! बापाला ठाऊक, आईला ठाऊक. माझ्यापास्नं तेवढं झाकलं.

"कॉलेज बंद," मी म्हणाले. "बारावी न्हाई आन् तेरावी न्हाई."

"तू म्हणशील तसं, आये," जयसिंग म्हणाला. सून सिंधूनं खाली बघून मान हालवली. माझे धाकटे दीर, चांगदेव भावजी, तंबाखू मळत म्हणाले, "वहिनींचं बरोबर हाय."

पोरगी रडली असती, भांडली असती, तर मीबी दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण ती गप भाकऱ्या थापायला बसली. दौंडहून आली की घर डोक्यावर घेणारी पोर, आता तव्याशिवाय कुणाकडं बघंना. घर मला खायला उठलं. पण बोललेला शब्द माघारी घ्यायचा कसा? ती सवय मी लावूनच घेतली न्हाई.

जून लागला. सोमवारी कॉलेज उघडणार होतं. नकुशी पीठ चाळता चाळता म्हणाली, "आजी, घरच्यांचं मत घ्या की. गुप्त. कुणी काय टाकलं ते कुणाला कळायचं न्हाई. मी हरले तर पुन्हा कॉलेजचं नाव काढणार न्हाई."

"गुप्त म्हंजी काय ते तू मला शिकव! मेंढरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, ते काय तुझ्या पुस्तकात बघून करत्यात?" असं म्हणत मीच पहिली उठले, घोंगडी आणायला. "आन् मत तूबी टाकणार का?"

"न्हाई आजी. त्याला वयाची एकवीस वर्षं पुरी लागत्यात."

स्वतःचंच नशीब टांगणीला आन् पोरगी कायदा सोडंना. मनात बरं वाटलं. तोंडावर दाखवलं न्हाई.

ओसरीवर गाडगं ठेवलं, वर घोंगडी टाकली. ज्याच्या त्याच्या मुठीत एक हरभरा आन् एक ज्वारीचा दाणा दिला. हरभरा म्हंजी कॉलेज, ज्वारी म्हंजी घर. एक दाणा गाडग्यात सोडायचा, दुसरा मुठीतच ठेवायचा.

पहिली मी. घोंगडीखाली दिसत काय न्हाई, पण हरभऱ्याला नाक असतं, बोटाला बरोबर लागतं. मी हरभरा सोडला, मूठ आवळली आन् जागेवर येऊन बसले.

बसले आन् मग ध्यानात आलं. ह्या तिघांनी उभ्या जन्मात माझ्यापुढं मान वर केली न्हाई. काठी हालली की मेंढरं वळत्यात, तशी ही माणसं. आता धाकानं ज्वारीच टाकणार, आन् माझ्या एकटीचा हरभरा पोरीला काय पुरणार? जयसिंगचा हात घोंगडीतनं लवकर निघंना. सिंधूचं तोंड पांढरं पडलं होतं. भावजी खोकत गेले आन् खोकत आले.

नकुशीनं गाडगं सुपात पालथं केलं.

नुसते हरभरे. ज्वारी औषधाला न्हाई.

नकुशीनं मोजले. चार माणसं, चार हरभरे. मग भावजी हळूच म्हणाले, "वहिनी, म्हंजी तुम्हीबी?"

"मत गुप्त हाय ना? मग इचारता कशाला?"

"गुप्त कुठं राह्यलं, आये!" जयसिंगला हसू आवरंना.

"मी ज्वारीच टाकली होती. कोंबडीनं खाल्ली असंल."

"घोंगडीखाली शिरून, आत्याबाई?"

सिंधू बोलली! लग्न होऊन आल्यापास्नं पहिल्यांदा मला उलटून बोलली. माझ्या छातीवरचं जातं कुणीतरी उचलल्यासारखं झालं.

"वाचा फुटली वाटतं," मी म्हणाले. "मग सोमवारचा डबा तूच बांध. दोन भाकरी जादा घाल, पोरगी वाळलीय."

नकुशी माझ्या गळ्यात पडायला आली. तिला लांब ढकललं. "सर तिकडं. आन् मास्तराला सांग, गुप्त मतदानात एक तरी माणूस उलटा लागतो, न्हाईतर सगळ्यांचंच उघडं पडतं. हे घाला म्हणावं पुस्तकात."

हसत हसत सगळी पांगली. मग मी मूठ उघडली. ज्वारीचा दाणा घामानं तळव्याला चिकटला होता. कोंबडी पायाशी घुटमळतच होती. तिच्यापुढं टाकला. तिनं टिपला.

कोंबडीनं खाल्ली म्हणाले, ते काय खोटं न्हाई.