आत घेतलेली शिवण

मास्तरांचं शिलाईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीनवर बसल्या बसल्या त्यांना मागचं स्वयंपाकघर दिसे. माणूस नुसता बघून माप सांगणारा कारागीर, असा त्यांचा लौकिक होता. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तशातली गत.

एके दुपारी त्यांची आई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसली. "सगळ्यांचं झालं का?" असं विचारल्याशिवाय तिने उभ्या जन्मात तोंडात घास घातला नव्हता. सगळ्यांचं झालेलं असे, आणि पातेल्यातलं सगळं संपलेलंही असे. मग बशीत बुडाची खरवड घ्यायची, नाहीतर चहात बिस्कीट बुडवायचं. सैल झालेली कवळी पेल्यात पडून होती, त्यामुळे चावायचं ते सारं आई गुपचूप बाजूला सारी. तिच्यासाठी वेगळं मऊ काही शिजवावं असं सुनेला सुचलं नाही, कारण सासूने कधी मागितलंच नाही. न मागणं हा त्या घरात बायकांचा मोठा गुण. "आमच्या सासूबाईंना काही म्हणजे काही लागत नाही," असं सून चारचौघींत सांगे. कौतुकानेच सांगे, बरं का! उपाशी मारायला दुष्टच माणसं लागतात असं थोडंच आहे?

जेवण उरकून आई पोलकं घेऊन दुकानात आली. "बाळा, खांद्यावरून उतरतंय रे. जरा आत घे."

मास्तरांनी तिच्या दंडाला टेप लावली. टेपवरचा आकडा पुन्हा मागे सरकला होता. "आई, अशीच आटत गेलीस तर पुढच्या खेपेला हे पोलकं नातीच्या बाहुलीला घालू!"

नात हसली, सून हसली, आणि सगळ्यांत जास्त आई हसली. "वयच आहे ते," ती म्हणाली. मास्तरांनी शिवण आत घेतली, दोरा तोडला आणि विसरून गेले. दरवेळी असंच होई.

मग तापाची साथ आली. घरात एकेकाने अंथरूण धरलं आणि एकेक जण उठून कामालाही लागला. आई मात्र उठेना. तिला धाप लागली, ओठ काळेनिळे पडले, आणि तिला इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात न्यावं लागलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना खाटेपाशी बोलावलं. आईच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. बाईंनी चादर सारून तिचा दंड दाखवला. "या विषाणूची लागण तुमच्या घरात सगळ्यांनाच झाली. तुम्ही त्यातून उठलात, कारण अंगात काही शिल्लक होतं. यांना श्वास घेणं हेसुद्धा कष्टाचं काम झालंय, आणि त्याला लागणारं बळच अंगात नाही. हे तापाने झालेलं नाही. या कधीपासून अशा हडकल्यात?"

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. त्या घरात या प्रश्नाचं उत्तर फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

"वर्ष-दोन वर्षं झाली," ते खाली मान घालून म्हणाले. "मी दरवेळी पोलकं आत घेत होतो."

बाईंनी चादर पुन्हा नीट केली. मग म्हणाल्या, "नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल."

मास्तरांची थोरली बहीण दाराशी उभी होती. ती कळवळली. "नळी कशाला गं बाई? जन्मभर तिला कधी काही लागलं नाही. आता कशाला छळ?"

"घाला नळी," मास्तर म्हणाले. "आणि भरपूर द्या. हवं ते द्या."

"भरपूर नाही देता येणार," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "इतके दिवस उपाशी राहिलेल्या अंगाला एकदम दिलेलं अन्नही सोसत नाही. थोडं थोडंच द्यावं लागेल."

सारं आयुष्य देता आलं असतं तेव्हा दिलं नाही; आज द्यायला निघाले, तर घेणाऱ्या देहातच ताकद उरली नव्हती. मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

नळी बसली. दुसऱ्या दिवशी आईला जरा शुद्ध आली. तिने वर टांगलेल्या अन्नाच्या पिशवीकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुखवट्याआडून शब्द जेमतेम ऐकू आले. "सगळ्यांचं झालं का?"

"झालं गं आई," मास्तर म्हणाले आणि बाहेर जाऊन लहान पोरासारखे रडले. त्याच आठवड्यात आई गेली.

भेटायला आलेल्या माणसांपुढे बहीण डोळे पुसत म्हणाली, "कोणाला भार झाली नाही हो. शेवटपर्यंत काही लागलं नाही तिला."

"लागत होतं," मास्तर म्हणाले. "आपण विचारलं नाही." सून उठून आत गेली आणि ओट्याशी बसून राहिली.

पुढे दुकान उघडलं. एक नेहमीचं गिऱ्हाईक वडिलांची पँट घेऊन आलं. "कमरेत घ्यायचीय, मास्तर. म्हातारबुवा आटलेत."

"जेवतात का?"

"या वयात काय लागतं हो? चिमणीएवढं खातात."

मास्तरांनी पँट उलटी केली. कमरेत आधीच्या दोन शिवणी होत्या. दोन्ही त्यांच्याच हातच्या.

"ही मी आत घेणार नाही."

"का हो?"

"माझी आई अशीच आटली. मी थट्टा करत करत शिवणी घातल्या."

"मी कपडे द्यायला आलोय, उपदेश ऐकायला नाही," असं म्हणत गिऱ्हाइकाने पँट ओढली आणि ते पायऱ्या उतरलं. रस्त्यावर जाऊन मात्र ते थबकलं. कमरेतल्या त्या दोन शिवणींवरून त्याने अंगठा फिरवला. मग परत दाराशी आलं.

"दात नाहीत त्यांना," तो माणूस चाचरत म्हणाला. "काय द्यायचं मग?"

"मऊ शिजवून द्या. दूध द्या, अंडं द्या. डॉक्टरांना दाखवा, कवळी नीट बसवून घ्या. थोडं थोडं द्या, पण पुन्हा पुन्हा द्या. आणि सगळ्यांचं झाल्यावर नको, सगळ्यांच्या आधी."

त्याने मान हलवली. मास्तरांनी पँटसाठी हात पुढे केला.

"ही ठेवून जा. अंग भरेपर्यंत दुसरीवर पट्टा बांधू दे त्यांना," ते म्हणाले. "मी शिवणी उसवून ठेवतो."