‘नेटवर्क नाही’ असं मी सांगितलं होतं

साहेब, तुम्ही खोटं बोललात, तेही जमिनीवर पडलेल्या एका म्हातारीशी. तुमचं नाव मला ठाऊक नाही. मंजुरीच्या कागदावर नुसती सही दिसली, तीही न वाचता येणारी.

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढा. मला ना पडदा, ना बटणं. दुसऱ्या यंत्राच्या पोटात बसायचं आणि त्याचा निरोप मोबाइलच्या टॉवरपर्यंत पोचवायचा, एवढंच माझं काम. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समधल्या एका कंपनीत मला पांढऱ्या डब्यात बसवलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने गळ्यातलं बटण दाबलं, की डब्याने माझ्यामार्फत मदत केंद्राला फोन लावायचा.

मला बसवलं पुण्याच्या सुयशने. तो विचारायचा, मी उत्तर द्यायचो: नेटवर्क आहे, नेटवर्क नाही. त्याच्या पहिल्या प्रोग्राममध्ये फोन लागल्यावरच डब्यातली रेकॉर्ड केलेली बाई इंग्रजीत बोलायची, ‘मदत येते आहे.’ पण फोन लागायला मला अर्धं मिनिट लागतं. डेमोच्या दिवशी ते अर्धं मिनिट पाहुण्यांसमोर शांततेत गेलं, आणि साहेब, तुम्हाला लाज वाटली. बटण दाबलं की लगेच बोललं पाहिजे, असा हुकूम सुटला.

टेस्टिंगला वैभवी होती. तिने चूक लगेच पकडली आणि सुयशला विचारलं.

“अरे, फोन लागलाच नाही आणि बाई बोलून मोकळी?”

“माहितीये गं. नेक्स्ट व्हर्जनमध्ये फिक्स करू म्हणालेत.”

“म्हणजे कधीच नाही, असं सांग की.”

“मार्चमध्ये माझा व्हिसा रिन्यू व्हायचाय. तू जा ना सांगायला.”

तीही गेली नाही. तिचाही व्हिसा त्याच कंपनीच्या हातात होता. आणि ऑफिसच्या खिडकीसमोरच टॉवर, त्यामुळे तिथे मी एकदाही नापास झालो नाही.

मग मी एडिनबराला गेलो, लीलावतीबाईंच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. हातभर जाड दगडी भिंती. बाई तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या. त्यांनी केअर होममध्ये जावं, असा मँचेस्टरच्या लेकीचा, वैजयंतीचा, हट्ट होता. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून तो मोडून काढला. हा डबा आहे ना, मग मी इथेच राहणार.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी आठ वाजता त्या किचनमध्ये पडल्या. बटण दाबलं. मी टॉवर शोधला, मिळाला नाही. ‘नेटवर्क नाही’ असं डब्याला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. पण माझं उत्तर वाचायची ओळच प्रोग्राममधून काढली होती. डबा केव्हाच ‘मदत येते आहे’ बोलून मोकळा झाला होता.

भिंतीपलीकडे शेजारीण कामावर निघायची तयारी करत होती. भिंत ठोकली असती तर तिला ऐकू गेलं असतं. का नाही ठोकलीस, म्हणून वैजयंती नंतर आईवर चिडली.

“अगं, ती म्हणाली ना, येतायत म्हणून. अ‍ॅम्ब्युलन्सला उशीर होतो, मी पाहिलंय. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल.”

दुपारी तीनला शेजारीण परतली, तेव्हा तिला कण्हणं ऐकू आलं. सात तास. खुब्याचं हाड मोडलं होतं. बाई आता केअर होममध्ये आहेत, फ्लॅट दुसऱ्याला दिला.

मी कंपनीच्या कपाटात, पिशवीत. चौकशी अहवाल म्हणतो, ‘वापरकर्तीने उपकरण विणलेल्या रुमालाने झाकले होते.’ हो, झाकलं होतं. धूळ बसू नये म्हणून आपल्याकडे टीव्हीवरसुद्धा घालतात. सुती रुमालाने माझी वाट अडत नाही, हे सुयशला चांगलं कळतं. त्याने अहवाल वाचला आणि मिटून ठेवला.

मित्रांनो, मला राग आहे, पण खंत त्याहून मोठी आहे. मी खरं बोललो आणि त्याचा उपयोग शून्य झाला. यंत्र पुसा, जपा, ते ठीकच आहे. पण ते ‘नाही’ म्हणतं तेव्हा त्याचं तोंड बांधू नका. माणसाचंही नको.

वैजयंतीने तुम्हाला तीन पत्रं पाठवली, साहेब. तिन्हींत प्रश्न एकच: फोन लागला नसताना ‘मदत येते आहे’ असं माझ्या आईला सांगायची मंजुरी कुणी दिली?

नाव लिहून पाठवा.