ग्रेड वन

"यकृत आकसलेलं. कडा खडबडीत. पोटात पाणी," पडद्यापलीकडून डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि अलीकडे टायपिस्ट एकेक अक्षर शोधून टाइप करत होता. या सोनोग्राफी सेंटरमधल्या बावीस वर्षांत त्याची बोटं अशी कधी अडखळली नव्हती. पण आज पलीकडच्या पलंगावर त्याची बायको होती.

एरवी त्याचं काम झपाट्याचं. रोजच्या तीसेक रिपोर्टांपैकी निम्म्यांत एकच वाक्य यायचं, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन. बाकी ठीक.’ तेच ते कोण टाइप करत बसणार? गड्याने त्यासाठी कीबोर्डवरची एक कळच नेमून टाकली होती. दाबली की वाक्य हजर. पाकीट घेताना कुणी घाबरून विचारलंच, तर हा डॉक्टरच्या थाटात सांगायचा, "काही नाही हो, सगळ्यांनाच असतं." लोकांनाही तेवढंच ऐकायचं असायचं.

सहा वर्षांपूर्वी बायकोच्या रिपोर्टातही त्याने तीच कळ दाबली. तिला शुगर होती, पोट सुटलं होतं, आणि अन्न टाकवत नाही म्हणून घरादाराचं उरलंसुरलं तीच संपवायची. वजन उतरवा, गोड कमी करा, रोज चाला, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढ्याने त्या वेळी दुखणं मागे फिरलं असतं. तिने घरी येऊन नवऱ्याला विचारलं. नवरा एवढा जाणता, की हसला. चरबीच ती, तुला शोभते, म्हणाला. तीही हसली आणि विषय तिथेच मिटला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

परवा मोठ्या डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, की हृदय अधू आहे, यकृत बदलायची शस्त्रक्रिया झेपायची नाही. पोटात पाणी निघालं, तर फार दिवस धरू नका.

पाणी निघालं होतं.

तो पाकीट घेऊन बाहेर आला. दारूचा वाससुद्धा सोसत नाही, मग माझंच लिव्हर कसं बिघडलं, असं तिने विचारलं. डॉक्टर बघतील, एवढंच त्याच्या तोंडून निघालं. स्वतःची त्याला किळस आली.

रस्त्यावर आल्यावर तो बस थांब्याकडे वळला, तर तिने बाही धरली.

"बस नको. आजपासून चालायचं ठरवलंय मी. गोड बंद, उरलंसुरलं खाणं बंद. डॉक्टर म्हणतील तसंच करीन आता. होईन ना बरी?"

त्याने मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

ती निघाली. सुजलेली पावलं चपलेत मावत नव्हती. दहा पावलांवर भिंतीला टेकली, दम खाल्ला, पुन्हा निघाली. तो मागून चालत होता. तिला थांबवावं असं फार वाटत होतं, पण कुठल्या तोंडाने थांबवणार?

"अहो," तिने वळून विचारलं, "अजून भरभर चालू का?"

"नको," तो म्हणाला. "एवढं पुरे."