न धुतलेला स्वेटर

मित्रांनो, मी मांजर पकडायचा एक जुना पिंजरा आहे. लगेच नाकं मुरडू नका! माझ्यात आलेल्या एकाही जिवाला मी कधी ओरखडा काढला नाही. आता मी लाँड्रीच्या माळ्यावर गंजत पडलो आहे. पण ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

मला घडवलं लाँड्रीवाल्या काकूंच्या दिराने. तो खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डर. लाँड्रीमागे एक करडी भटकी मांजरी राहायची. पिल्लू असताना ती काकांच्या मांडीवर झोपे. काका वारले, आणि पुढे कुणीतरी गंमत म्हणून तिच्या गळ्यात दोरी बांधली. मांजरी वाढली, दोरी काही वाढली नाही. ती मांसात रुतली. तेव्हापासून ती कुणाच्या हाताला लागेना.

"आठवड्यात दोरी निघाली नाही, तर ती वाचायची नाही," असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

आधी माझं दार उघडं बांधून आत खाऊ ठेवायचा, आणि मांजराची भीड चेपली की मगच दार सोडायचं, अशी रीत. पण काकूंची स्वच्छता जगावेगळी! त्यांनी मला रोज वासाच्या साबणाने घासलं, आत कडक खळ दिलेली चादर अंथरली. चादर करकरली की मांजरी धूम ठोके. असे चार दिवस गेले.

"वहिनी, हा पिंजरा आहे की नवरीची खोली?" दीर वैतागला. "तिला ओळखीचा वास हवा. दादाचं काही आहे का?"

साऱ्या गल्लीचे कपडे धुणाऱ्या काकूंनी नवऱ्याचा एक स्वेटर वर्षभर धुतला नव्हता. तो त्यांनी कपाटाच्या तळातून काढला, क्षणभर तोंडाशी धरला आणि माझ्यात अंथरला.

"खराब करील हं ती, वहिनी."

"करू दे. जीव तर वाचेल."

सहाव्या दिवशी मांजरी आत आली, स्वेटर हुंगला आणि त्यावर बसली. माझं दार पडलं. घाबरून तिने स्वेटर घाण केलाच. डॉक्टरीणबाईंनी दोरी काढली, जखम भरली. इकडे काकूंनी स्वेटर धुतला आणि ते पाणी ओतताना ढसाढसा रडल्या.

पुढे नऊ वर्षं मांजरी रोज दुपारी आपण होऊन माझ्यात यायची. दार उघडं बांधलेलं, खाली तोच स्वेटर. ते माझे सुखाचे दिवस. ती गेली तेव्हा काकूंनी स्वेटर उचलला, तोंडाशी धरला आणि न धुताच पुन्हा कपाटाच्या तळाशी ठेवला.

मित्रांनो, मुक्या जनावराच्या गळ्यात गंमत म्हणूनही दोरी बांधू नका. आणि कुणी बांधलीच, तर मला माळ्यावरून खाली काढा. थोडं तेल द्या. साबण मात्र नको.