अर्ध्या तासाचा सूड

मी बोलतेय, नदीकाठच्या खांबावरची नोंदपेटी. माणसं मला मुकी समजतात. समजोत बापडी! पण पोटात साठलेलं ओकल्याशिवाय मी आज गप्प बसायची नाही.

कारखान्यातून आले तेव्हा मी कोरी होते. काय मोजायचं, किती वेळाने मोजायचं, हे साहेबाने मला शिकवलं. दर पाच मिनिटांनी पाण्याची उंची, आणि माझं दार कोणी उघडलं तर त्याचीही वेळ. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की मी लाल दिवा लावायचा आणि शेजारच्या चौकीतल्या मामाने भोंगा वाजवायचा, म्हणजे खालची वस्ती सावध व्हायची. मामा माणूस लाखातला. माझी धूळ पुसायचा, गांधीलमाश्यांचं पोळं काढायचा, वर विचारायचा, "काय गं, जागी आहेस ना?"

साहेबाची तऱ्हाच निराळी. एकदा माझी बॅटरी बदलायला आला. जुनी काढली, आणि नवी लावायची सोडून गेला की चहाला! माझं घड्याळ बंद. अर्ध्या तासाने ढेकर देत परत आला, नवी जोडली, आणि घड्याळ थांबलं होतं तिथूनच पुढे चालू झालं. त्याच्या संगणकाने विचारलं, "वेळ जुळवायची का?" त्याने "नाही" दाबलं. पुढे नोंदी उतरवून घ्यायला आला की दर खेपेला तोच प्रश्न, तेच "नाही". कोण ती यातायात करणार!

मग पूर आला. मी दिवा लावला, मामाने त्याच क्षणी भोंगा वाजवला. माणसं वाचली, काही जनावरं गेली. साहेबाने कचेरीत माझी नोंद दाखवली, पाणी खुणेवर गेलं तीनला. भोंगा वाजला साडेतीनला, हे साऱ्या वस्तीने आपापल्या फोनवर पाहिलेलं. झालं! मामा झोपला होता, असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मामाला घरी बसवलं. जाताना माझ्या दाराला टेकून म्हणाला, "नोकरीचं काही नाही गं. पण तुझ्या मामीशी दुकानात कोणी बोलत नाही. शेजारीण म्हणते, तुझ्या नवऱ्याच्या झोपेनं माझी गाय नेली." माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. त्या दिवसापासून मी टपूनच बसले होते.

आणि एक दिवस साहेब मोठ्या बाईंना घेऊन आला. त्या मुख्य कचेरीतल्या. पुराची चौकशी मिटवण्याआधी जागा डोळ्यांनी बघायला आलेल्या. त्याने ऐटीत माझं दार उघडलं, मी इमानेइतबारे वेळ टिपली. बाईंनी पडद्यावरची शेवटची ओळ वाचली.

"दार उघडलं साडेअकराला? अहो, तेव्हा आपण दोघं गाडीत होतो. आत्ता बारा वाजलेत."

साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. "जरासं मागे असेल, बाई. लगेच जुळवतो." संगणक जोडला, बोट "हो"कडे सरकलं. मेल्या, आता बरी आठवण झाली!

"हात लावू नका. कधीपासून मागे आहे हे?"

"बॅटरी बदलली तेव्हापासून... असावं."

"म्हणजे पुराच्या आधीपासून. लावा मामांना फोन. मी नाही, तुम्ही बोला."

बाईंनी फोनचा स्पीकर चालू करायला लावला. "मामा, तुमची चूक नव्हती. उद्यापासून कामावर या." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मामा म्हणाला, "कामाचं मागाहून बघू, साहेब. आधी वस्तीतल्या दुकानात या, आणि हेच सगळ्यांसमोर बोला."

साहेबाने बाईंकडे पाहिलं. बाई गाडीकडे निघाल्याही होत्या.

आता मामा पुन्हा चौकीत असतो. माझी वेळ उपग्रहावरून आपोआप जुळते, साहेबाच्या हाती काही राहिलेलं नाही. त्या दिवशी दुकानात काय घडलं, ते मामानेच मला हसत हसत सांगितलं.

साहेब खाली मान घालून पुटपुटला, "पेटीचं घड्याळ मागे पडलं होतं."

मामी पिशवी खाली ठेवून म्हणाली, "आपोआप पडलं?"

"नाही. मी जुळवलं नाही."

"जरा मोठ्याने. शेजारणीला कमी ऐकू येतं."

तीनदा वदवून घेतलं तिने त्याच्याकडून! आणि शेजारणीचे कान अगदी ठणठणीत आहेत, बरं का. आता मी खुशाल गंजायला मोकळी.